किडनीच्या गाठीतलं जनुक सीटीत दिसतं म्हणे. पण सीटी आहे कुठे?

पोस्ट मोठी आहे. किडनी, सीटी, जनुकं असलं बरंच काही आहे त्यात. पण विषय शेवटी आपल्या सोलापूर-धाराशिव पट्ट्याचाच आहे, म्हणून सवडीने का होईना, वाचा.

दोनेक महिन्यांपूर्वी एका सॉफ्टवेअर कंपनीचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. चुणचुणीत होता. म्हणाला, "सर, किडनीच्या गाठीचा सीटी यात टाकायचा, आतला कुठला जीन बिघडलाय ते हे सांगतं. बायोप्सीची कटकट नाही." मी विचारलं, हे शिकलंय कुणाच्या सीटीवर? "अमेरिकेतला ओपन डेटा आहे सर." आणि आपल्या लोकांचा? तो मोकळेपणाने हसला. "तुम्ही द्या ना सर. आहे का तुमच्याकडे?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्याच आठवड्यात मी एका बाईचा तीन वर्षांपूर्वीचा सीटी शोधत होतो, आणि तो जगात कुठेही शिल्लक नव्हता.

त्या ताईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वय ४१. कुशीत दुखतं म्हणून आल्या. सीटी केला तर डाव्या किडनीत मोठी गाठ, थोडी पाण्याची, थोडी भरीव, कडा धड नाहीत, किडनीत पसरत गेलेली. शेजारच्या लिम्फ नोडही सुजलेल्या. रिपोर्ट टाइप करायच्या आधी मी त्यांना आत बोलावलं आणि नेहमीपेक्षा चार प्रश्न जास्त विचारले. आधी काही ऑपरेशन? "गर्भपिशवी काढलीय, तेहतिसाव्या वर्षी. गाठी होत्या." घरात अजून कुणाची? "थोरल्या बहिणीची पण. आईची पण म्हणतात लवकरच काढलेली." अंगावर कुठे पुटकुळ्या, गाठी? त्यांनी दंडावरचा पदर सरकवला. तांबूस कडक पुटकुळ्यांचा एक पुंजका. "थंडीत दुखतात ओ. कुणाला दाखवलं नाही."

सीटीतलं ते चित्र, तरुणपणीच्या गर्भपिशवीच्या गाठी, आणि दंडावरच्या दुखऱ्या पुटकुळ्या. तिन्ही एका रेषेत ठेवले की एका जनुकाचं नाव समोर येतं. एफएच. फ्युमरेट हायड्रेटेज. २००२ साली संशोधकांनी या तिन्ही गोष्टींचा धागा या एका जनुकाशी जोडला. आई किंवा वडिलांकडून बिघडलेली एक प्रत आली तर पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे निम्मी. मी रिपोर्टमध्ये तशी शंका लिहिली, सर्जनला फोन केला, पॅथॉलॉजिस्टला सांगितलं की ब्लॉकवर एफएचचं स्टेनिंग करा. स्टेनिंगमध्ये एफएच गायब. नंतर रक्ताच्या जनुक तपासणीतही तेच निघालं.

आता तीन वर्षांपूर्वीचा सीटी. पोट दुखतं म्हणून दुसऱ्या एका गावात केलेला. रिपोर्टचा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपलेला. दोन सेंटिमीटरची 'कॉम्प्लेक्स सिस्ट', सहा महिन्यांनी परत तपासा. दुखायचं थांबलं, परत कोण जातं? फिल्म होती ती घर पावसात गळलं तेव्हा भिजून चिकटली. यजमान म्हणाले, "साहेब, सीडी दिलीच नव्हती." मी त्या सेंटरला फोन लावला. उत्तर मिळालं, "सर, मशिनवर पंधरा-वीस दिवसच राहतं, मग डिलीट होतं. जागा नसते."

रिपोर्ट लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. डाय देऊन एकदाच फोटो काढलेला तो सीटी माझ्या टेबलावर आला असता तर मीही बहुतेक तेच लिहिलं असतं. प्रश्न त्या दोन सेंटिमीटरचा आहे.

किडनीतली दोन सेंटिमीटरची गाठ म्हणजे लगेच काही होत नाही, असा आपला सगळ्यांचा अनुभव, आणि बहुतेक वेळा तो खराही. व्हीएचएल नावाचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं अशा घराण्यांमध्ये दोन्ही किडन्यांत पुन्हापुन्हा गाठी येतात. तिथे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी घालून दिलेला नियम आहे: सगळ्यात मोठी गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत थांबा, लक्ष ठेवा, उगाच किडनीची चाळण करू नका. एफएचच्या घराण्यात नेमकं उलटं. तिथली दोन सेंटिमीटरची गाठही पसरू शकते, म्हणून थांबायचंच नाही, आणि काढताना भोवतीचा भाग सोडून रुंद काढायची. म्हणजे आकार तोच, जागा तीच, आणि एका घरात 'थांबा' हा शहाणा सल्ला तर दुसऱ्या घरात तोच सल्ला जीवघेणा. फरक ओळखायचा तर जनुक हवं. आणि सगळ्यात आधी जनुकाचा सुगावा लागू शकतो तो सीटीवर आणि बाईला विचारलेल्या चार प्रश्नांत.

आता लोक विचारतील, फोटोत जनुक दिसणार कसं? जादू नाही यात. प्रौढांमध्ये किडनीच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल. त्यात बहुतेक वेळा तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यावरचं व्हीएचएल जनुक निकामी झालेलं असतं. हे व्हीएचएल पेशीला ऑक्सिजनची खबर देणाऱ्या यंत्रणेतला एक फौजदार समजा. तो गेला की पेशीला वाटत राहतं, आपल्याला हवा मिळत नाहीये. मग ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. या यंत्रणेच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना. आणि गाठीत रक्तवाहिन्या भरपूर म्हणजे डाय दिल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास काढलेल्या फोटोत ती गाठ दिव्यासारखी उजळते. पॅपिलरी प्रकारात बिघाड वेगळा, रक्तवाहिन्या कमी, म्हणून ती गाठ त्याच वेळी मंद राहते. आम्ही रेडिओलॉजिस्ट हे वर्षानुवर्षं बघत आलोय. उजळली की क्लिअर सेल, मंद राहिली की बहुधा पॅपिलरी. आम्ही जनुकच वाचत होतो, फक्त त्याला नाव देत नव्हतो.

पुढची पायरी अवघड आहे. क्लिअर सेलच्या आतही पोटभेद आहेत. पीबीआरएम१, बीएपी१, सेटडी२, केडीएम५सी अशी जनुकं कमी-जास्त बिघडलेली असतात. यातलं बीएपी१ बिघडलं असेल तर गाठ जास्त आक्रमक, पीबीआरएम१ असेल तर तुलनेने बरी, हे डॅलसच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवलं. मग २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या गटाने २३३ रुग्णांचे सीटी आणि जनुकं शेजारी ठेवून बघितली. व्हीएचएल बिघडलेल्या गाठींच्या कडा रेखीव, आत रक्तवाहिन्या दिसणाऱ्या. बीएपी१ आणि केडीएम५सी बिघडलेल्या गाठी किडनीच्या शिरेत घुसण्याकडे कललेल्या. पुढच्या वर्षी १०३ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात बीएपी१ च्या गाठींच्या कडा पुसट आणि आत चुन्याचे ठिपके आढळले.

वाचायला भारी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण जरा हिशोब करा. क्लिअर सेलच्या शंभर रुग्णांत बीएपी१ बिघडलेले साधारण दहा-पंधरा. म्हणजे १०३ जणांच्या अभ्यासातला बीएपी१ चा निष्कर्ष ओंजळभर माणसांवर उभा आहे. तो खोटा नाही. पण त्यावर सॉफ्टवेअर बांधून सोलापुरात येऊन 'बायोप्सी नको' म्हणणं म्हणजे दोन शितांवरून अख्ख्या लग्नाच्या पंगतीचा भात पारखण्यासारखं.

दुसरी अडचण गाठीच्या आतच आहे. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी किडनीच्या एकाच गाठीचे वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन जनुकं वाचली, तर साधारण दोन-तृतीयांश बिघाड सगळ्या तुकड्यांत सारखे नव्हतेच. एका कोपऱ्यात एक, दुसऱ्यात दुसरं. हा मुद्दा दोन्ही बाजूंनी कापतो. बायोप्सीची सुई एकाच कोपऱ्यात जाते, सीटी मात्र अख्खी गाठ बघतो, म्हणून सीटीचं मोल वाढतं. पण मग 'या गाठीचं जनुक अमुक' असं एका तुकड्यावरून ठरवून सॉफ्टवेअरला शिकवलं असेल, तर त्याला शिकवलेलं तरी कितपत खरं?

आणि तिसरी अडचण आपली, घरची. ही सॉफ्टवेअरं गाठीचा पोत मोजतात. करड्या ठिपक्यांची मांडणी, खडबडीतपणा, डायची चढ-उतार. हे सगळं स्लाइस किती जाडीची, डाय मशिनने दिला की हाताने, फोटो पस्तिसाव्या सेकंदाला काढला की सत्तराव्या, यावर बदलतं. तिकडे नियमाने काढलेल्या सीटींवर शिकलेलं यंत्र. इकडे माझ्याकडे येणाऱ्या फिल्मांवर पाच मिलिमीटरच्या स्लाइस, डाय देऊन एकच फेज, कधी तीही उशिराने. कारण दर फेजला वेळ लागतो आणि बाहेर वीस जण खोळंबलेले असतात. अशा सीटीवर जनुक वाचणारं यंत्र काय वाचणार? त्याला पहिल्यांदा त्या सेंटरचा कारभारच दिसेल.

मी या संशोधनाच्या विरोधात नाही. उलट मला ते हवंय. पण त्याचा आपल्याला आज मिळणारा धडा यंत्र विकत घेण्याचा नाही. सीटी नीट काढणं, तो जपणं, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टशी जोडणं आणि घराण्याची चौकशी करणं, ही चार साधी कामं आपण करत नाही. ती केली तर जनुकाचा सुगावा आजही लागतो, सॉफ्टवेअरशिवाय. आणि न केली तर उद्या कितीही भारी सॉफ्टवेअर आलं तरी ते आपल्या माणसांच्या बाबतीत आंधळंच असेल.

घराण्याच्या चौकशीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे आपली गोष्ट पुस्तकापेक्षा वेगळी आहे. पुस्तकात लिहिलंय, बाईची गर्भपिशवी तरुणपणी फायब्रॉइडमुळे काढली असेल आणि किडनीत गाठ असेल तर एफएचचा विचार करा. परदेशात ती खूण ठळक दिसते, कारण तिशीत गर्भपिशवी काढलेली बाई तिकडे क्वचित. आपल्याकडे? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं. पांढरं जातं म्हणून काढली, पोटात दुखतं म्हणून काढली, पाळीत कामाचे खाडे पडतात म्हणून काढली. माझ्या टेबलावर चाळिशीतल्या बायका येतात त्यांतल्या कितीतरी जणींचं हे ऑपरेशन झालेलं असतं. तिथे 'तेहतिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली' हे ऐकून कुणाचाही कान टवकारत नाही. गरज नसताना केलेल्या ऑपरेशनांच्या ढिगाऱ्याखाली खरी खूण गाडली गेली.

आणि त्यावर कडी म्हणजे काढलेल्या त्या पिशवीचं पुढे काय झालं ते बाईला माहीत नसतं. पॅथॉलॉजीला गेली का? रिपोर्ट काय आला? एफएच बिघडलेल्या फायब्रॉइडच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या दिसू शकतात. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला तिथेच, किडनीत काहीही व्हायच्या कितीतरी वर्षं आधी, शंका येऊ शकते. या ताईंच्या बाबतीत आठ वर्षं आधी. पण रिपोर्टचा पत्ता नाही. बहिणीचाही नाही.

माझा एक सर्जन मित्र आहे, हाताने अतिशय चांगला. तो म्हणतो, "अरे, गाठ आहे, काढायची आहे. जनुक कळून मी काय वेगळं करणार?" त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मोठी एकुलती एक गाठ, सत्तरीचा रुग्ण, घरात काही नाही, तिथे जनुकाचा फारसा उपयोग नाही. पण बेचाळीसच्या माणसात, दोन्ही किडन्यांत गाठी असतील तर, घरात आणखी कुणाला असेल तर? अमेरिकेतल्या युरोलॉजिस्टांच्या संघटनेची शिफारस आहे की वय ४६ किंवा त्याखालचं असेल तर जनुकीय सल्ल्याला पाठवा. ऑपरेशन किती रुंद करायचं ते बदलतं. पसरलेला असेल तर औषध बदलतं. एफएचच्या कॅन्सरला बेव्हॅसिझुमॅब आणि एर्लोटिनिबची जोडी चालते, ती नेहमीच्या क्लिअर सेलची पहिली निवड नाही. आणि मुख्य म्हणजे बहीण, भाऊ, मुलं. सर्जनच्या टेबलावर एक माणूस असतो, बाकीचे घरी असतात.

आता त्या प्रतिनिधीच्या प्रश्नाकडे येतो. डेटा आहे का? जगभरचे लोक किडनीच्या ज्या सार्वजनिक संग्रहावर काम करतात तो अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अॅटलासचा. त्यात जनुकं आहेत आणि दोनशेहून जास्त रुग्णांचे सीटी-एमआरआयही खुले ठेवलेत. तिथले रुग्ण बहुतांश गोरे अमेरिकन. आपल्याकडे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचण्याचं जीनोम इंडियाचं काम झालं, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुला झाला. चांगलंच आहे. पण त्यात गाठी नाहीत, सीटी नाहीत. टाटा मेमोरियलने इमेजिंगची बायोबँक सुरू केली, सुरुवात डोकं-मान आणि फुप्फुसाच्या कॅन्सरपासून. तेही योग्यच, आपल्याकडे तंबाखूचं ओझंच तेवढं आहे. किडनीचा नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, इकडे विजयपूर, जिथून म्हणून माझ्याकडे किडनीचे रुग्ण येतात, त्यांचे सीटी दर पंधरवड्याला डिलीट होत राहणार.

हे फक्त सोलापूरचं नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेल आहे. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची मोहीम सुरू झाली, गावोगाव रक्त तपासलं जातंय, कार्डं दिली जातायत. किडनीचा एक अत्यंत दुर्मिळ, अत्यंत वाईट कॅन्सर आहे, मेड्युलरी नावाचा. तो जवळपास सिकल सेलचं जनुक असणाऱ्यांनाच होतो, तेही तरुण वयात. त्यात स्मार्कबी१ नावाचं जनुक निकामी होतं, आणि सीटीत गाठ बहुतेक वेळा उजव्या किडनीत, मधोमध, आत पसरत जाणारी दिसते. जगातल्या बहुतेक नोंदी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या आहेत. सिकल सेलवाल्यांनी घाबरू नका, वाहक असलेल्या माणसांना हा आजार होण्याची शक्यता अगदी नगण्य आहे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या पोराच्या लघवीत रक्त येतंय, सीटीत उजव्या किडनीत मधोमध गाठ आहे, आणि खिशात सिकल सेलचं कार्ड आहे, तर ते कार्ड सीटी वाचणाऱ्याच्या हातात पडायला हवं की नको? कार्ड एका खात्याचं, सीटी दुसऱ्याचा. मध्ये आहे तो फक्त रुग्ण, आणि त्याला कुणी विचारत नाही.

जपायला जागा नाही, पैसा नाही, हे मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर. माझ्याच मशिनवर मोजून बघितलं. बारीक स्लाइससकट किडनीचा अख्खा सीटी साधारण अर्धा जीबी. एक टीबीच्या डिस्कवर दोन हजार माणसं मावतात. डिस्क बिघडते म्हणून दोन प्रती ठेवा, तरी माणशी खर्च एका चहाच्या आसपास. ज्या सीटीला रुग्ण हजारो रुपये मोजतो त्यात एक चहा बसत नाही?

कायद्याचं म्हणाल तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत ॲडमिट रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितली तर ७२ तासांत द्यायची असं आहे. ॲडमिट रुग्णाची. बाहेरच्या बाहेर सीटी करून जाणाऱ्याचं काय? आणि तीन वर्षं तरी कशी पुरतील? ताईंचा पहिला सीटी आणि दुसरा यांत तीनच वर्षं होती.

म्हणून सरकारी टेंडर काढणाऱ्यांना आणि जन आरोग्य योजनेचे दर ठरवणाऱ्यांना माझं म्हणणं असं. किडनीत गाठ दिसली तर सीटी किती फेजचा हवा ते पॅकेजमध्ये लिहा आणि त्याचेच पैसे द्या. एका फेजचा सीटी करून पूर्ण दर लावायची सोय ठेवू नका. मूळ डिजिटल डेटा, म्हणजे डायकॉम, रुग्णाला देणं आणि सेंटरने किमान दहा वर्षं जपणं ही बिल मंजूर होण्याची अट करा. गर्भपिशवी काढली तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडल्याशिवाय क्लेम पास करू नका. यामुळे नको ती ऑपरेशनंही जराशी आटोक्यात येतील, तो वरचा फायदा. आणि सीटीच्या खोलीबाहेर अर्ध्या पानाचा फॉर्म ठेवा: गर्भपिशवी काढली का, कधी, कशासाठी, घरात किडनी, मेंदू, डोळ्याच्या गाठी कुणाला, अंगावर पुटकुळ्या, सिकल सेल. नर्सताई पाच मिनिटांत भरतात. मी माझ्याकडे सुरू केलाय. पहिल्या आठवड्यात स्टाफने नाकं मुरडली, आता सवय झाली.

कंपन्यांना डेटा द्यावा का? माझं मत: अजिबात फुकट नाही, आणि रुग्णाला न विचारता तर मुळीच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. पण कायदा नसता तरी एखाद्या बाईच्या पोटाचा फोटो तिला न विचारता विकणं हे चोरीच आहे. नाव-पत्ता काढून, संमती घेऊन, सार्वजनिक संस्थेकडे तो साठा असावा. आपल्याकडे मेडिकल कॉलेजं आहेत, विद्यापीठं आहेत. मग ज्याला सॉफ्टवेअर करायचंय त्याने तिथे यावं, अटी पाळाव्यात, आणि आपल्या रुग्णांवर ते किती वेळा चुकतं याचे आकडे आधी दाखवावेत. तो पोरगा परत आला तर मी त्याला हेच सांगणार आहे. वाईट नव्हता तो, त्याचा प्रश्न बरोबर होता.

तुम्हा वाचणाऱ्यांसाठी एवढंच. घरात कुणाचाही सीटी किंवा एमआरआय झाला असेल तर फिल्मवर समाधान मानू नका. "डायकॉमची सीडी द्या" असं नेमकं म्हणा, नुसतं "सीडी द्या" म्हटलं तर काही ठिकाणी फोटोंचे जेपीजी टाकून देतात. ती सीडी घरच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, सीडी ओरखडते. झाल्यापासून पंधरा दिवस उलटले नसतील तर आजच फोन करा. आणि ज्या घरात दोन-तीन बायकांच्या गर्भपिशव्या तरुणपणी गाठींमुळे काढल्यात, शिवाय अंगावर दुखऱ्या पुटकुळ्या आहेत, त्यांनी घाबरायचं नाही, पण एकदा डॉक्टरांना हे दोन्ही एका दमात सांगायचं. वेगवेगळं सांगितलं तर दोन डॉक्टर वेगवेगळं ऐकतात.

ताईंचं ऑपरेशन झालं. नोडमध्ये पसरलेलं होतं, आता औषधं चालू आहेत, मुंबईला येणं-जाणं चालतं. थोरल्या बहिणीची जनुक तपासणी केली, तीही एफएचची निघाली. तिचा पहिला एमआरआय स्वच्छ आला. आता दरवर्षी करायचा. ताईंची मुलगी चौदा वर्षांची आहे, तिची तपासणी अजून व्हायची आहे. "परीक्षा होऊ द्या साहेब, मग बघू," असं यजमान म्हणाले, आणि मी हो म्हटलं, पण तारीख लिहून घेतली. बहिणीच्या एमआरआयच्या दोन प्रती केल्यात. एक त्यांच्या घरी, एक माझ्या कपाटात.